फरशी कापायची नसेल तर

(प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)

आता तुम्हांला अक्षरे वाचता येतात. आकडे लिहिता येतात. पाढे तर तुमच्यापैकी कित्येकांना शाळेत न जाताही येत होते. बाजारात भाजी विकताना, दुधाचा हिशेब करताना तुम्ही तोंडीच आकडेमोड करता. तुमचा हिशेब सहसा चुकत नाही.

पण आकड्यांचा उपयोग केवळ पैसे मोजण्यापुरता नाही. पैसे खर्च होण्याच्या आधी ते वाचवण्यासाठीही आकडे कामाला येतात. घर बांधायचे, कुंपण घालायचे, वाफे पाडायचे, कापड बेतायचे, अशा प्रत्येक कामात आधी माप येते. ते माप नीट विचार करून घेतले, तर माल वाया जात नाही. विचार न करता घेतले, तर पुढे कितीही काटकसर केली तरी नुकसान व्हायचे ते होतेच.

आज त्यातली एकच गोष्ट मी सांगणार आहे. लांबट चौकोनी जागा असेल, तर तिच्यात सारख्या मापाचे मोठ्यात मोठे चौरस कसे बसवायचे, ही ती गोष्ट.

वाचनालयाची खोली

समजा, आपल्या गावात वाचनालयासाठी खोली बांधायची आहे. ग्रामपंचायतीने जागा दिली. लोकांनी वर्गणी काढली. ज्यांना पैसे देणे जमले नाही, त्यांनी श्रमदान केले. खोली आतून २४ फूट लांब आणि १८ फूट रुंद करायची ठरली. जमिनीला शहाबादी फरशी घालायची. शहाबाद हे गाव कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथल्या चुनखडीच्या दगडाच्या या लाद्या. त्या आपल्या ओळखीच्याच आहेत.

आता आपली अट अशी. फरशी चौरस हवी, म्हणजे तिच्या चारही बाजू सारख्या हव्यात. सगळ्या फरश्या एकाच मापाच्या हव्यात. आणि एकही फरशी कापावी लागू नये. कापताना दगड फुटतो. कापण्याची मजुरी वेगळी पडते. भिंतीकडेला अरुंद पट्ट्या बसवल्या तर त्या दिसायलाही बऱ्या दिसत नाहीत.

मग कोणत्या मापाची फरशी चालेल?

फरश्यांची रांग लांबीच्या बाजूने लावली, तर २४ फूट बरोबर भरले पाहिजेत. म्हणजे फरशीच्या मापाने २४ ला पूर्ण भाग गेला पाहिजे, बाकी काही उरता कामा नये. रुंदीच्या बाजूनेही तसेच. त्याच मापाने १८ लाही पूर्ण भाग गेला पाहिजे.

२४ ला कोणकोणत्या संख्यांनी पूर्ण भाग जातो?
१, २, ३, ४, ६, ८, १२, २४.

१८ ला कोणकोणत्या संख्यांनी पूर्ण भाग जातो?
१, २, ३, ६, ९, १८.

या संख्यांना विभाजक म्हणतात. आता दोन्ही ओळींत कोणत्या संख्या आहेत ते पाहा. १, २, ३ आणि ६. हे झाले सामाईक विभाजक. सामाईक विहीर जशी दोघा भावांची असते, तसे हे विभाजक दोन्ही संख्यांचे असतात.

म्हणजे आपल्या खोलीत १ फुटी, २ फुटी, ३ फुटी किंवा ६ फुटी चौरस न कापता बसतील. ४ फुटी चौरस लांबीत बसतो, पण रुंदीत २ फूट उरतात. ९ फुटी चौरस रुंदीत बसतो, पण लांबीत ६ फूट उरतात. म्हणून ते दोन्ही बाद.

सामाईक विभाजकांत सर्वांत मोठा ६. त्याला महत्तम सामाईक विभाजक म्हणतात. महत्तम म्हणजे सर्वांत मोठा. नाव लांबलचक आहे, म्हणून त्याची पहिली अक्षरे घेऊन मसावि असे म्हणतात. तुमच्या नातवंडांच्या गणिताच्या पुस्तकात हाच शब्द आहे. त्यांना विचारून पाहा.

किती फरश्या लागतील?

६ फुटी चौरस घेतले तर लांबीत ४ आणि रुंदीत ३ बसतील. ४ त्रिक १२. बाराच तुकड्यांत खोली भरेल.
३ फुटी घेतले तर ८ आणि ६. एकूण ४८.
२ फुटी घेतले तर १२ आणि ९. एकूण १०८.
१ फुटी घेतले तर २४ आणि १८. एकूण ४३२.

चौरस जितका मोठा, तितके तुकडे कमी आणि सांधेही कमी. पण ६ फुटी दगड कोण उचलणार? तो न फुटता गावापर्यंत कसा आणणार? म्हणून व्यवहारात मसावि हाच घ्यावा असे नाही. मसावि काढल्याचा फायदा वेगळाच आहे. मसाविला ज्या ज्या संख्येने पूर्ण भाग जातो, ती प्रत्येक संख्या आपल्याला चालते. ६ ला १, २, ३ आणि ६ यांनी भाग जातो. आपले सगळे सामाईक विभाजक तेच आहेत. एक मसावि काढला की बाकीचे सगळे त्याच्या पोटात सापडतात. मग बाजारात मिळेल ते आणि हाताला पेलेल ते माप निवडावे. शहाबादी २ फुटी सहज मिळते. म्हणून आपण १०८ फरश्या आणू. वाटेत एखादी फुटेल म्हणून चारदोन जास्त घेऊ.

सव्वा फुटाची गोष्ट

आता समजा, पाया आखण्याचा दिवस उजाडला. मिस्त्री फक्की आणि सुतळी घेऊन उभे आहेत. गावातले वडीलधारे आबा आहेत. ग्रामपंचायतीच्या सदस्य असलेल्या एक ताईही आहेत. त्या नुकत्याच लिहायला शिकल्या आहेत.

मिस्त्री म्हणतात, "आबा, पलीकडं जागा मोकळीच आहे. लांबी सव्वा फूट वाढवून घेऊ का? खोली ऐसपैस होईल."

आबा म्हणतात, "वाढवा की. जागेला काय पैसे पडतात?"

ताई म्हणतात, "आबा, जरा थांबा. जागेला पैसे पडत नाहीत, पण फरशीला पडतात. मला हिशेब करू द्या."

त्या वहीत आकडे मांडतात. लांबी सव्वा फूट वाढली, म्हणजे २५ फूट ३ इंच झाली. २ फुटी फरश्या बारा बसल्या की २४ फूट भरले. पुढे १ फूट ३ इंचांची पट्टी उरली. ती १८ फूट रुंदीभर आहे. तिच्यासाठी ९ तुकडे लागतील. प्रत्येक तुकडा १ फूट ३ इंचांचा. एका फरशीतून असा एकच तुकडा निघतो. उरलेला ९ इंचांचा तुकडा टाकून द्यावा लागतो. म्हणजे ९ फरश्या जास्त लागणार, त्या सगळ्या कापाव्या लागणार, आणि ९ तुकडे वाया जाणार. असा एक तुकडा ९ इंच रुंद आणि २ फूट लांब, म्हणजे दीड चौरस फूट. नवांचे मिळून साडेतेरा चौरस फूट दगड उकिरड्यावर.

ताई म्हणतात, "मिस्त्रीदादा, सव्वा फुटाला नऊ फरश्या जातात. आणि पुरते दोन फूट वाढवले तरी नऊच जातात. मग वाढवायचं तर दोन फूट वाढवू, नाहीतर मुळीच नको."

मिस्त्री हसून म्हणतात, "बरोबर आहे ताई. दोन फूट वाढवले तर कापायचंही काम नाही. पण भिंतीचं आणि पत्र्याचं बघावं लागेल."

आबा म्हणतात, "मग आधी तोही हिशेब मांडा. त्याशिवाय फक्की टाकू नका."

इथे मिस्त्रींनी काही फसवाफसवी केली असे नाही. त्यांनी चांगल्या मनानेच सांगितले. पण वर्गणीचा पैसा सगळ्यांचा असतो. एका आकड्याने त्यातला किती जाईल, हे आखणीच्या आधी विचारले पाहिजे. पाया भरल्यावर विचारून उपयोग नाही. आणि विचारायला मिस्त्रीपेक्षा जास्त शिकलेले असावे लागत नाही. विभाजक काढता आले की पुरे.

ताईंचा हिशेब तुम्हीही ताडून पाहा. २६ फूट आणि १८ फूट. दोघांनाही २ ने भाग जातो. १३ नवे ११७. आधीच्या १०८ फरश्यांहून ९ जास्त. बरोबर आहे.

काही संख्यांची जोडी अशी असते की त्यांच्यात १ शिवाय काहीच सामाईक नसते. उदाहरणार्थ २५ आणि १७. खोली २५ फूट लांब आणि १७ फूट रुंद केली, तर पुऱ्या फुटांच्या मापात फक्त १ फुटी फरशीच न कापता बसेल. २ फुटी घेतली तर दोन्ही बाजूंना एकेक फुटाची पट्टी उरेल. अकरा फरश्या कापाव्या लागतील. ही खोली २४ फूट आणि १८ फूट खोलीपेक्षा ७ चौरस फुटांनी लहान आहे, पण तिला १०७ फरश्या लागतात. जागा कमी, काम जास्त.

भाग न लावता मसावि काढण्याची रीत

मोठ्या संख्यांचे सगळे विभाजक लिहीत बसणे कंटाळवाणे होते. त्यासाठी एक जुनी आणि सोपी रीत आहे. ती कागदावर करून पाहू.

जुन्या वर्तमानपत्रातून ३० सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद अशी पट्टी कापा. आता तिच्यातून मोठ्यात मोठा चौरस काढा. तो १२ सेंटिमीटरचा निघेल. उरलेल्यातून तसाच आणखी एक निघेल. आता ६ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर लांब एवढी पट्टी उरली. तिच्यातून मोठ्यात मोठा चौरस ६ सेंटिमीटरचा. असे दोन निघाले आणि पट्टी संपली. काहीच उरले नाही.

शेवटी निघालेला हा ६ सेंटिमीटरचा चौरस म्हणजेच आपले उत्तर. खात्री करून घ्या. १२ सेंटिमीटरच्या एका चौरसात ६ सेंटिमीटरचे ४ चौरस बसतात. असे दोन मोठे चौरस, म्हणजे ८. आणि शेवटचे २. एकूण १०. पूर्ण पट्टीत लांबीत ५ आणि रुंदीत २, म्हणजे १० चौरस. हिशेब जुळला.

ही रीत बरोबर का येते? जो चौरस सगळ्या पट्टीत बरोबर बसतो, तो कापून काढलेल्या मोठ्या चौरसातही बरोबर बसतो. मग उरलेल्या तुकड्यातही तो बरोबर बसलाच पाहिजे. म्हणून मोठ्या जागेचा प्रश्न लहान तुकड्यावर येतो. तुकडा लहान लहान होत जातो, आणि शेवटी उत्तर आपोआप हाती येते.

आता हेच आकड्यांनी करू. एक स्वयंपाकघर १० फूट ६ इंच लांब आणि ७ फूट ६ इंच रुंद आहे. सगळ्याचे इंच करा. १२६ इंच आणि ९० इंच.

१२६ मधून ९० वजा केले. उरले ३६.
९० मधून ३६ दोनदा वजा केले. उरले १८.
३६ मधून १८ दोनदा वजा केले. उरले शून्य.

उत्तर १८ इंच, म्हणजे दीड फूट. लांबीत ७, रुंदीत ५, एकूण ३५ फरश्या. झाला हिशेब.

ज्याला आकडे लिहायला अजून जड जातात, त्याने दोन दोऱ्या घ्याव्यात. एक लांबीएवढी, दुसरी रुंदीएवढी. आखूड दोरी लांब दोरीवर जितक्या वेळा बसेल तितक्या वेळा बसवावी. उरलेला तुकडा घेऊन तो आखूड दोरीवर बसवावा. पुन्हा जे उरेल ते आधीच्या तुकड्यावर बसवावे. ज्या तुकड्याने काही उरत नाही, तेच माप.

ही रीत आजची नाही. ग्रीक गणिती युक्लिड याने सुमारे २३०० वर्षांपूर्वी ती आपल्या ग्रंथात लिहून ठेवली. आपल्याकडे भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये लीलावती हा ग्रंथ रचला. दोन संख्यांनी एकमेकींना भागत जावे आणि शेवटी जी बाकी दोघींनाही पुरी भागते ती घ्यावी, ही रीत त्यांनी लीलावतीत सांगितली आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. तो आठशे वर्षांपूर्वीचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, अशी त्यात नोंद आहे. तेव्हा हे ज्ञान परके नाही. ते आपल्याच मातीत जतन झालेले आहे.

शेतातही तीच रीत

परसबागेचा एक तुकडा ८४ फूट लांब आणि ६० फूट रुंद आहे. त्यात सारखे चौरस वाफे पाडायचे आहेत. ८४ मधून ६० गेले, उरले २४. ६० मधून २४ दोनदा गेले, उरले १२. २४ मधून १२ दोनदा गेले, काही उरले नाही. मसावि १२. म्हणजे १२ फुटी ३५ वाफे पडतील.

त्याच तुकड्याला कुंपण घालायचे आहे. चारही कोपऱ्यांवर खांब हवाच, आणि सगळीकडे सारखे अंतर हवे. १२ फुटांवर खांब रोवले तर कोपरे बरोबर साधतात. चारही बाजू मिळून २८८ फूट, म्हणून २४ खांब लागतील. १२ फुटांवर तार सैल पडत असेल, तर १२ चा विभाजक घ्या. ६ फुटांवर ४८ खांब, ४ फुटांवर ७२ खांब. १० फुटांचे अंतर मात्र धरू नका. ६० फुटांच्या बाजूवर ते जमेल, पण ८४ फुटांच्या बाजूवर शेवटी ४ फूट उरतील.

चार सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट. माप नेहमी खोलीच्या आतून धरावे, आणि तेही गिलावा झाल्यावर जेवढे राहील तेवढे. भिंतीची जाडी आणि गिलाव्याची जाडी यांत धरू नये.

दुसरी गोष्ट. खोलीचे कोपरे काटकोनात आहेत का ते पाहावे. नाहीतर आकडे बरोबर असूनही फरशी बसत नाही. त्यासाठी समोरासमोरच्या कोपऱ्यांत तिरपी सुतळी धरा. दोन्ही तिरपी मापे सारखी आली पाहिजेत. आपल्या २४ फूट आणि १८ फूट खोलीत ती बरोबर ३० फूट यायला हवीत.

तिसरी गोष्ट. फुटाचे माप आणि सेंटिमीटरचे माप यांची गल्लत करू नये. आज दुकानात जिला दोन फुटी टाइल म्हणतात, ती पुष्कळदा ६० सेंटिमीटरची असते. खरे दोन फूट म्हणजे जवळजवळ ६१ सेंटिमीटर. एका टाइलमागे एका सेंटिमीटरचा फरक काहीच वाटत नाही. पण बारा टाइलींची रांग लावली की साडेअकरा सेंटिमीटर जागा उघडी राहते. तिथे मग चिंचोळी पट्टी कापून बसवावी लागते. अशी टाइल घालायची असेल तर खोलीच सेंटिमीटरमध्ये आखा. लांबी ७२० आणि रुंदी ५४० सेंटिमीटर ठेवा. दोघांचा मसावि १८०. त्याला ६० ने पूर्ण भाग जातो. टाइली पुन्हा १२ नवे १०८.

चौथी गोष्ट. सांध्यांत थोडी जागा जाते. ती किती धरायची, हे मिस्त्रींना विचारून फरशीच्या मापात मिळवावी.

बंधुभगिनींनो, वही आणि पेन्सिल तुमच्या हातात आहे. पुढच्या वेळी गावात काही बांधायचे ठरले, तर बैठकीला जाताना ती बरोबर न्या. फरशीचे माप काय, खोलीचे माप काय, हे दोन आकडे विचारा. मसावि काढा. फरशीच्या मापाने त्याला पूर्ण भाग जात नसेल, तर आखणीच्या आधीच चौघांत बोला. त्या वेळी खोलीचे माप बदलायला एक पैसाही लागत नाही.

घरी करून पाहा

१. एक खोली १६ फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे. न कापता बसणारा मोठ्यात मोठा चौरस किती फुटांचा? असे किती चौरस लागतील?

२. कापडाचा तुकडा १५० सेंटिमीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद आहे. काही वाया न घालवता मोठ्यात मोठे सारखे चौरस रुमाल करायचे आहेत. रुमाल किती सेंटिमीटरचा होईल? किती रुमाल होतील?

३. वड्या थापल्या आहेत. थापलेला भाग ३६ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद आहे. मोठ्यात मोठ्या सारख्या चौरस वड्या कापल्या तर किती होतील?

उत्तरे : (१) ४ फुटांचा, १२ चौरस. (२) ३० सेंटिमीटरचा, १५ रुमाल. (३) ४ सेंटिमीटरच्या ६३ वड्या.